शिडीखालून आलेलं उत्तर

१

निऑनच्या पाटीला हात लावायचे नियम थोडके आहेत, पण वाचून ते कोणाला येत नाहीत. मी चौथी पास. मला जे आलं ते काचेनं आणि करंटनं शिकवलं.

शिडीवर चढण्याआधी अंगठी, घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, धातूचं काय असेल ते खाली ठेवायचं. वर गेल्यावर एकाच हाताने काम करायचं, दुसरा मागच्या खिशात. दोन्ही लावले की करंट या हातातून शिरतो, त्या हातातून निघतो, आणि वाटेत छाती असते. घरातला टेस्टर या कामाचा नाही. नळीच्या टोकाला पंधरा हजार व्होल्ट असतात. तिथे टेस्टर लावून बघणारा एक शहाणा मला माहीत आहे. आता त्याच्या शर्टाची बटणं त्याची बायको लावून देते. निळी नळी फुटली तर झाडू मारायचा नाही, आत पारा असतो. ओल्या फडक्याने टिपायचं, खिडक्या उघड्या टाकायच्या.

हे सगळं ठीक. पण खरा नियम एकच, एकट्याने जायचं नाही. कुठली नळी मेली हे कळायला पाटी आधी पेटवावी लागते. आणि मेलेली नळी करंट असला तरी काळीच दिसते, भर उजेडात शेजारच्या नळ्यांचंही कळत नाही. म्हणून एकजण वर, एकजण मेन स्विचपाशी. बघून झालं की वरचा विचारतो, "बंद?" खालच्याने खटका खाली ओढायचा, ओढलाय हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच म्हणायचं, "बंद." मग वरच्याने अर्थिंगची काठी लावायची. साधी काठी असते, टोकाला आकडा, आकड्याला जमिनीत गेलेली तार. उरलासुरला करंट तिच्यातून निघून जातो. त्यानंतर हात.

पण जोडी जुनी झाली की काठी शिडीलाच लटकत राहते. खालून शब्द आला की पुरे होतं. आम्हा जुन्या लोकांची ही खोड. नव्या पोरांना शिव्या देतो आणि स्वतः काठी लावत नाही.

माझी जोडी बायकोशी होती. एकतीस वर्षं. काच तापवून अक्षरं वळवायची ती, मला आजतागायत साधा गोल जमलेला नाही. वजनाने हलकी, म्हणून चढायचीही तीच. लोक हसायचे. "बायकोला वर चढवून हा बघा कसा खांबासारखा उभा आहे." मी म्हणायचो, "तुझी चढते का? नाही ना? मग चालू लाग." चढण्याआधी ती अंगठी काढून माझ्याकडे द्यायची. मी करंगळीत घालायचो, अर्ध्या पेरावर अडकायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. चपलांच्या दुकानाची पाटी होती. ट्रान्सफॉर्मर सडका निघाला, असं सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर मी एकटाच जाऊ लागलो. फ्यूज काढून खिशात ठेवायचा आणि चढायचं. दुसऱ्या कोणाला स्विचपाशी उभं करायची माझी इच्छा नव्हती.

२

पहिल्यांदा झालं ते एका टेलरकडे. सकाळचे दहा वाजले असतील. पाटीवर कात्रीचं चित्र होतं आणि कात्रीचं एक पातं पेटत नव्हतं. मी फ्यूज काढला, खिशात घातला, वर गेलो. तोंडातून सवयीने निघून गेलं, "बंद?"

खालून कोणीतरी म्हणालं, "बंद."

मी म्हटलं, टेलर असेल. काम उरकलं, खाली आलो. टेलर आत मशीनवर बसलेला, मान खाली, दातात दोरा.

"तुला कोणी सांगितलं मध्ये बोलायला?" मी म्हणालो.

"कोण बोललं?"

"बंद म्हणालास ना आत्ता?"

"मी कशाला बंद म्हणू? सकाळची वेळ, आत्ताच दुकान उघडलंय." त्याने दोरा थुंकला. "काका, घरी कोणी बोलायला नाही म्हणून माझ्याशी भांडताय का? चहा घ्या त्यापेक्षा."

चहा घेतला. फ्यूज माझ्या खिशातच होता, घामाने ओला. म्हणजे जे ऐकू आलं ते खरंच होतं. पाटी बंदच होती. वय झालं, कान वाजले, असं म्हणून मी विषय सोडला.

पण एक गोष्ट खटकत होती. टेलर बसला होता दुकानाच्या आत, उजवीकडे. शब्द आला होता डावीकडून, दाराच्या मागून. तिथे फक्त मेनचा डबा होता.

३

मग ते दर कामाला व्हायला लागलं. मी विचारायचं, त्याने म्हणायचं. पुढे पुढे माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर यायचं. कोणीतरी घाईत आहे, दुसरीकडे लक्ष आहे, आणि आपल्याला वाटेला लावतंय, असं.

मी मुद्दाम न विचारता काम करून बघितलं. तेव्हा काही यायचं नाही. प्रश्न केला की यायचं.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरंच वाटलं. वाटलं, हीच असेल. मी एकटा चढतो ते तिला बघवत नसेल. पण आवाज बाईचा नव्हता. पुरुषाचा होता, जाडसर, आणि ओळखीचा. कोणाचा ते सांगता येईना.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा होता. माझ्या कानात दिवा घालून म्हणाला, "शिट्टी वाजल्यासारखं होतं का आजोबा?"

"शिट्टी नाही. शब्द वाजतो."

"कुठला शब्द?"

"बंद."

त्याने दिवा बंद केला. मी त्याला समजावत बसलो नाही.

मग चष्म्याच्या दुकानाचं काम आलं. दोन डोळे आणि खाली नाव, अशी मोठी पाटी. फ्यूज काढला, वर गेलो. "बंद?" "बंद." हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला. बऱ्याच वर्षांनी शिडीवरची काठी उचलली आणि आकडा टोकाला टेकवला.

फाडकन निळी ठिणगी उडाली. काठी हातातून निसटता निसटता राहिली.

खाली येऊन बघितलं तर पाटीला दोन लाइनी दिलेल्या. एक फ्यूजची, दुसरी मागच्या टायमरच्या खटक्यावरून. कुठल्याशा अर्धवट वायरमनची करामत. चूक त्याची. पण मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. त्या आवाजाला काहीच माहीत नव्हतं. पाटी बंद आहे का चालू, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त विचारलं की बंद म्हणायचं होतं.

४

त्याच महिन्यात पिटू परत आली. माझी मुलगी. तिच्या आईने ठेवलेलं नाव, लहानपणी एवढीशी होती म्हणून. आता माझ्या डोक्याला डोकं लागतं. काच वळवण्यात आईवर गेलीय. दुसऱ्या गावातली नोकरी सोडून बॅगा घेऊन दारात उभी.

"तुमचे गुडघे वाजतात ते मला फोनवरून ऐकू येतं," ती म्हणाली. "उद्यापासून मी वर, तुम्ही खाली."

"मी कोणाला चढवणार नाही."

"तुम्हाला विचारतंय कोण?"

आईसारखीच. आठ दिवस भांडलो, नवव्या दिवशी औषधांच्या दुकानात शिडी लावली. पिटूने कानातलं काढलं, घड्याळ काढलं, वर गेली. मी तिला काठी वर दिली.

"ही कशाला? आई कुठे लावायची?"

"लाव म्हणतो ना."

"तुम्ही आहात ना स्विचपाशी," ती म्हणाली, आणि काठी शिडीच्या दांडीला अडकवून टाकली.

मी स्विचपाशी उभा. एक हात खटक्यावर. तोंडात दोन स्क्रू धरलेले, झाकणाचे. खटका वर, पाटी पेटलेली, मला शिडीच्या पायरीवर तिच्या फक्त टाचा दिसत होत्या.

"दुसऱ्या अक्षराचं टोक काळं पडलंय," ती वरून म्हणाली. "बंद?"

"बंद."

माझ्या डाव्या खांद्यापाशी. इतक्या जवळून की मानेला वारा लागला.

मी खटका ओढला. कसा ओढला ते आठवत नाही. डबा भिंतीवर आपटला, काउंटरवरची बाटली पडली. तिचा हात टोकाला पोचला त्याच्या आधी मी ओढला का नंतर, एवढंच बघायला मान वर केली. टाचा होत्या. हलत होत्या.

"किती आपटता हो," ती म्हणाली. मग हसली. "आणि तोंडात स्क्रू धरून इतकं स्वच्छ कसं बोलता?"

मी स्क्रू तळहातावर घेतले. औषधवाला बाटली उचलत होता. त्याला विचारलं, "आत्ता बंद कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच की."

"माझा आवाज होता?"

"आता तुमचा आवाज तुम्हाला ओळखता येत नाही, तर मी काय सांगणार?"

खरंच येत नाही. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून कधी ऐकू येत नाही. पण त्याने तसं म्हटल्यावर मला कळलं. नुसता माझा आवाज नव्हे. माझा एका ठरावीक दिवसाचा आवाज.

५

तो दिवस आता लिहितो.

चपलांचं दुकान, सकाळी अकराचा सुमार. ती वर, मी स्विचपाशी, तिची अंगठी माझ्या करंगळीत. पाटी पेटवलेली, एक अक्षर फडफडत होतं. तेवढ्यात एक स्कूटरवाला आला. शिडीच्या मागे त्याची स्कूटर अडकली होती.

"शिडी हलवा, मला उशीर होतोय."

"दिसत नाही का? वर माणूस आहे."

"पाच मिनिटं झाली हॉर्न वाजवतोय."

"वाजव अजून पाच. गाणं म्हण."

मी त्याच्याकडे तोंड करून भांडत होतो. मला मजा येत होती. भांडायला मला आवडतं. वरून ती म्हणाली, "बंद?" आणि मी मान न वळवता म्हणालो, "बंद." जेवलात का विचारल्यावर हो म्हणतो तसं. हात खटक्यावरच होता. शब्द निघाला, हात हलला नाही.

तिने काठी लावली नाही. कित्येक वर्षं लावली नव्हती.

डॉक्टर म्हणाला करंटने नाही, पडून गेली. लोक आले तेव्हा खटका खाली होता. मी ओढला होता, नंतर. ट्रान्सफॉर्मर सडका होता हे मीच पहिल्यांदा म्हणालो. कोणी शंका घेतली नाही.

औषधवाल्याच्या कामानंतर रात्रभर विचार केला. पिटू ऐकणार नाही, चढणारच. मी खाली उभा राहिलो तरी तो बोलणार, नाही राहिलो तरी बोलणार. तिला वाचवायचं तर एकच गोष्ट करता येत होती. माझ्या शब्दावरचा तिचा विश्वास उडवायचा. तिला ती गोष्ट सांगायची.

सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

"पिटू, यापुढे मी बंद म्हणालो तर हात लावायचा नाही."

"मग कोण म्हणाल्यावर लावू? शेजारची मांजर?"

"काठी लावायची. दर वेळी. माझ्यावर विसंबायचं नाही."

"झालं का परत सुरू? बाबा, मला घरी बसवायचे हे धंदे..."

"तुझी आई ट्रान्सफॉर्मरमुळे गेली नाही."

गाळणी तिच्या हातातच राहिली. मी सगळं सांगितलं. स्कूटरवाला काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं. चहा कपाबाहेर जाऊन ओट्यावरून खाली गळत होता, दोघांपैकी कोणी पुसला नाही.

"अंगठी?" तिने विचारलं.

"माझ्या बोटात होती."

तिने गाळणी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मी त्या चपलावाल्याच्या दारात जाऊन ओरडले होते. रस्त्यावर लोक जमले होते. म्हाताऱ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. आठवतंय?"

"हो."

"तुम्ही शेजारी उभे होतात."

"हो."

"मला धरून घरी आणलंत. म्हणालात, जाऊ दे, माणसं अशीच असतात."

मी आवाजाचं सांगायला लागलो. टेलर, चष्मेवाला, काल खांद्यापाशी आलेला शब्द. तिने हात वर केला.

"आता मध्ये भूत घालू नका. एवढं तरी स्वतःच्या नावावर ठेवा."

दुपारी तिने बॅगा भरल्या. आईचे रबरी हातमोजे घेतले. दारात थांबली, मला वाटलं काहीतरी बोलेल, आणि बोललीही.

"तुमचा आवाज मला परत ऐकवू नका."

६

त्याला आता आठ महिने झाले. त्या दिवसापासून मी बोललेलो नाही.

रागाने नाही. आधी वाटलं तिने सांगितलंय म्हणून. मग लक्षात आलं, याचा उपयोगही आहे. मी तिला चिठ्ठी पाठवली. मोठ्या अक्षरात, चुका असतील: यापुढे कुठेही माझा आवाज आला तर तो मी नाही. मी बोलणं सोडलंय. तिने उत्तर दिलं नाही. ती आता एका पेंटरबरोबर कामं घेते. पेंटर सांगतो, काठी लावल्याशिवाय बोट लावत नाही, त्याचं डोकं खाते.

बाजारात लोकांना वाटतं माझी जीभ गेली. टेलर रोज येऊन एकटाच बोलतो, त्याला बरं पडलंय. सांगायचं असेल ते मी वहीत लिहितो. हेही तसंच लिहितोय. माझ्यासारख्याला एक पान भरायला सकाळ जाते.

गेल्या गुरुवारी दुपारी मी कारखान्यात बसलो होतो. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. मध्ये लांब टेबल, टेबलावर नळ्या तपासायचा ट्रान्सफॉर्मर. मेन स्विच माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. दार लोटलं गेलं. पिटू.

वाळली होती. बोटांना काचेचे चटके, आईला असायचे तसे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेंटरचा ट्रान्सफॉर्मर जळला. चार दिवसांसाठी हा नेते."

मी मान हलवली. चहा हवा का, असं वहीत लिहून वही पुढे सरकवली. तिने वाचलं नाही. किंवा वाचलं आणि तसं दाखवलं नाही.

ट्रान्सफॉर्मरला नळी नव्हती, नुसत्या मोकळ्या तारा. सकाळी मी काहीतरी तपासलं होतं. नंतर खटका खाली केला की नाही, मला आठवेना. पत्र्यावर कावळे नाचत होते, त्या आवाजात ट्रान्सफॉर्मरची घरघर असली तरी कळली नसती. ती वाकली, केस मागे सारले, तारेकडे हात नेला. आपल्या घरात होती, लहानपणापासून खेळलेल्या खोलीत, समोर बाप बसलेला. तिच्या तोंडून निघून गेलं,

"बंद?"

"बंद," माझ्या मागे कोणीतरी म्हणालं.

मी हात वर केला. तळवा तिच्याकडे, जमेल तितका उंच. ती थांबली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ मी दाताखाली धरले होते, रक्ताची चव लागत होती.

तिने भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि आकडा तारेला टेकवला. ठिणगी इतकी मोठी होती की क्षणभर तिचा सगळा चेहरा निळा झाला.

मग ती माझ्या खांद्यावरून मागे बघू लागली. स्विचकडे.

मला वळवेना. टेबलावर तिच्या आईने वळवलेलं एक अर्धवट अक्षर पडलं होतं, काचेचं, न पेटवलेलं. त्याच्या फुगीर भागात खोली दिसत होती, बोटाएवढी. स्विचपाशी एकजण उभा होता. एक हात खटक्यावर. मान मात्र पार दुसरीकडे, दाराच्या बाजूला, आणि हनुवटी हलत होती, कोणाशी तरी हुज्जत घालत असल्यासारखी. आम्ही दोघं त्याच्या गावीही नव्हतो.

पिटूचे डोळे भरून आले. ती बोलली. माझ्याशी नाही, त्याच्याशी. लहानपणी मला झोपेतून उठवताना बोलायची, तितक्या हळू.

"बाबा," ती म्हणाली, "वर बघा ना. आई विचारतेय."